दगड झालेले अरण्य

नागपूरहून जबलपूरकडे जाणारी बस सिवनी आणि लखनादौन मागे टाकते आणि काही वेळाने बरगी हे गाव लागते. येथून जवळच नर्मदेवर बांधलेले धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाची झळ १६२ गावांना पोहोचली. शेते, वस्त्या आणि जंगल पाण्याखाली गेले. पाण्यात बुडालेले झाड काही काळ उभे राहते, मग कुजते आणि कालांतराने त्याचा मागमूसही उरत नाही. लाकडाचा स्वभावच असा नाशवंत आहे. परंतु याच नर्मदेच्या परिसरात, दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ या गावी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडे अजून जमिनीवर पडलेली आहेत. ती कुजली नाहीत. ती दगड झाली.

घुघुआला जाण्यासाठी खास वाहनाची गरज नसते. बरगीहून बसने जबलपूर गाठावे आणि तेथून कुंडममार्गे दिंडोरीकडे जाणाऱ्या बसने शहपुरा येथे उतरावे. शहपुऱ्याहून निवासकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १४ किलोमीटर अंतरावर घुघुआ आहे. वाटेत सालवृक्षांची दाट राने आणि गोंड समाजाची गावे लागतात. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धातील भूखंड एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते. त्या प्राचीन महाखंडाला भूशास्त्रज्ञांनी जे ‘गोंडवन’ हे नाव दिले, ते मध्य भारतातील या गोंडांच्या प्रदेशावरूनच.

उद्यानाचे क्षेत्र अवघे २७ हेक्टर आहे. हिंडायला फार वेळ लागत नाही, मात्र पाहायला लागतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना करड्या, तांबूस, पिवळसर रंगांचे ओंडके पडलेले दिसतात. दुरून ते नुकतेच तोडलेल्या झाडाचे तुकडे वाटतात. हात लावला की थंड, कठीण स्पर्श होतो आणि भ्रम दूर होतो. काही तुकड्यांच्या कापलेल्या पृष्ठभागावर ताडामाडांच्या खोडात असतात तसे ठिपके दाटीने दिसतात, तर काहींवर मुळांचे जाळे ओळखू येते. हिवाळ्याचे दिवस या पायपिटीस सर्वांत सोयीचे असतात. उन्हाळ्यात दगड तापतात आणि सावली कमी असते.

हे घडले कसे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी आजच्या जागी नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. त्या काळी जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे प्रचंड लोंढे बाहेर आले. सह्याद्रीचे काळे कातळ हे त्याच लाव्ह्याचे थर होत. हे उद्रेक सलग झाले नाहीत. एक लोंढा थंड झाला की दुसरा येईपर्यंत मध्ये दीर्घ काळ शांतता असे. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, माती तयार होई, अरण्य वाढे. मग पुन्हा लाव्हा येई. अशा दोन थरांच्या मधल्या गाळात जी झाडे गाडली गेली, त्यांना हवा मिळाली नाही. हवेअभावी कुजण्याची क्रिया मंदावली. लाव्हा आणि राख यांतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. हे पाणी लाकडाच्या पेशीपेशींत शिरले, तेथे सिलिका साचत गेली आणि हळूहळू लाकडाची जागा दगडाने घेतली. पेशींची रचना मात्र इतकी जशीच्या तशी राहिली, की आज दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता झाडाचे कूळ ओळखता येते.

मंडला जिल्ह्यात सांख्यिकी अधिकारी असलेले डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी १९७० च्या दशकात या दगडांचे महत्त्व ओळखले. तेव्हा हा भाग मंडला जिल्ह्यातच होता. पुढे जबलपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील आणि लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी नमुन्यांचे परीक्षण केले. त्यांतून १८ कुळांतील ३१ प्रजातींच्या वनस्पती ओळखण्यात आल्या. १९८३ मध्ये या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या वनस्पतींची नावे ऐकली की आश्चर्य वाटते. त्यांत माडाच्या जातीचे वृक्ष आहेत, तसेच निलगिरीशी मिळतेजुळते लाकूडही आहे. निलगिरी हा तर गेल्या सव्वादोनशे वर्षांत ऑस्ट्रेलियातून आणून येथे लावलेला वृक्ष! या अरण्यातील अनेक झाडांचे जवळचे आप्त आज सह्याद्रीच्या आणि ईशान्य भारताच्या सदाहरित वनांत वाढतात. याचा अर्थ असा, की आज जेथे उन्हाळ्यात रान वाळते, तेथे एके काळी बहुतेक वर्षभर ओलावा असे.

मग तेथे समुद्र होता काय? घुघुआपासून कोणताही किनारा आज सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. माड समुद्राजवळ वाढतो. परंतु तो नदीकाठीही वाढतो, म्हणून केवळ माडाच्या साक्षीवर निर्णय देता येत नाही. अधिक बळकट पुरावा छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे सापडला आहे. तेथील थरांत निपा या पाणताडाची दगड झालेली फळे मिळाली. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. त्याच जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांत समुद्री सूक्ष्मजीवांचे अवशेष असल्याचे संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. यावरून समुद्राची एक चिंचोळी शाखा मध्य भारतात शिरली असावी, असा तर्क केला जातो. ती कोठून आली, किती दूर पोहोचली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

हे मतभेद मिटतील ते आणखी पुराव्यानेच, आणि पुरावा म्हणजे हेच दगड. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जीवाश्माचे मोल केवळ त्याच्या आकारात नसते. तो कोणत्या थरात, कशाशेजारी, कोणत्या दिशेला पडलेला होता, यात ते असते. एखाद्या प्रवाशाने आठवण म्हणून मूठभर तुकडा पिशवीत टाकला, तर घरी पोहोचतो तो एक सुंदर दगड. त्याने सांगायची हकीकत मात्र मागेच राहते, आणि ती तेथेही वाचता येत नाही, कारण वाक्यातला शब्दच निघून गेलेला असतो. राष्ट्रीय उद्यानातून जीवाश्म उचलण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामागचे कारण हेच आहे. शेतात नांगर चालवताना असा दगड वर आला, तरी तो बांधावर फेकण्याआधी वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयाला कळवणे इष्ट.

संध्याकाळी शहपुऱ्याकडे परतताना रस्त्याच्या कडेची सालाची राने पुन्हा दिसू लागतात. त्यांतले एखादे झाड आज पडले, तर वाळवी, बुरशी आणि पाऊस काही वर्षांत त्याची माती करतील. घुघुआच्या ओंडक्यांना साडेसहा कोटी वर्षांत जे झाले नाही, ते पिशवी घेऊन आलेला एक माणूस क्षणात करू शकतो.