स्लोला बंद पडणारे इंजिन : जुन्या आउटबोर्डचा परिचय

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून आवळून बसवायचे, काम संपले की काढून उचलून न्यायचे, आणि जे होडीला ढकलते तेच स्वतः वळून सुकाणूचेही काम करते, असे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. वरच्या टोपणाखाली इंजिन, मधल्या उभ्या नळकांड्यात इंजिनाची शक्ती खाली नेणारा दांडा आणि पाण्यात बुडालेल्या खालच्या पेटीत गिअर व पंखा अशी तिची साधारण रचना असते. अमेरिकेतील कॅमेरॉन वॉटरमन यांना अशा मोटरीचे पेटंट १९०७ साली मिळाले, आणि नॉर्वेत जन्मून विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून मिलवॉकी येथे दीड अश्वशक्तीची, सुमारे २८ किलो वजनाची मोटर विकायला सुरुवात केली. पुढे जॉन्सन, मर्क्युरी, आणि १९६० पासून यामाहा, होंडा, सुझुकी अशी नावे या धंद्यात आली. तरी जवळजवळ सारे विसावे शतक या यंत्राचा गाभा म्हणजे कार्बोरेटर असलेले टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर दोन धावांना एकदा पेटणारे, इंजिन हाच राहिला. धुराच्या आणि न जळता बाहेर पडणाऱ्या पेट्रोलच्या कारणावरून अमेरिकेने १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नियम कडक केले आणि तेथील बाजारातून ही जात हद्दपार झाली. कोकणातील खाड्यांत, केरळच्या किनाऱ्यावर आणि आशिया-आफ्रिकेच्या कितीतरी बंदरांत मात्र लहान फायबर होड्यांच्या पाठीवर ती अजून काम करते, कारण ती हलकी असते, तिच्यात हलणारे भाग थोडे असतात आणि साध्या पान्यांनी ती किनाऱ्यावरच खोलता येते.

या इंजिनाची सर्वांत नेहमीची तक्रार अशी, की भरधाव वेगात ते तक्रारीला जागा ठेवत नाही, पण थ्रॉटल कमी करून होडी धक्क्याला लावायची वेळ आली किंवा जाळे ओढताना ती जागच्या जागी धरायची झाली, की दोन-चार आचके देऊन गप्प होते. मेकॅनिकांच्या भाषेत ते ‘स्लोला बंद पडते’. वल्ह्याने वेळ मारून नेता येईल अशा शांत खाडीत ही केवळ कटकट असते, परंतु ओहोटीचा जोर असताना खाडीच्या मुखाशी किंवा खडकाजवळ हाच दोष जिवावर बेतू शकतो. तक्रारीत एक सोयही दडलेली आहे, आणि ती ओळखण्यावरच पुढील सारा शोध अवलंबून असतो : जे इंजिन पूर्ण वेगात नीट चालते त्याची टाकी, नळी, पंप आणि मुख्य जेट यांनी आपली साक्ष दिलेलीच असते. पूर्ण वेगात इंधनाची मागणी सर्वांत मोठी असते. ती जर भागत असेल तर संथ गतीची क्षुल्लक मागणी न भागण्याचे कारण पुरवठ्यात नसून बहुधा कार्बोरेटरच्या आत, एका निराळ्या वाटेवर असते.

ही निराळी वाट समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणे होय. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या प्रवाहात पेट्रोलचे बारीक तुषार मिसळणारे साधन. त्याच्या नळीचा मधला भाग मुद्दाम अरुंद केलेला असतो, तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल मुख्य जेटमधून, म्हणजे मोजून पाडलेल्या छिद्रातून, वर खेचले जाते. थ्रॉटलची गोल चकती जवळजवळ मिटली की या अरुंद भागातून हवा इतक्या हळू वाहते की दाबातील घट पेट्रोल उचलायला पुरी पडत नाही, आणि मुख्य जेट जागेवर असूनही मुका होतो. दाबाची खरी घट आता चकतीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस असते. म्हणून तेथे एक अगदी बारीक छिद्र ठेवून त्याला स्वतंत्र जेट आणि स्वतंत्र बोगदा दिलेला असतो, ज्याला स्लो जेटची किंवा आयडलची वाट म्हणतात. चकतीच्या कडेलगत आणखी दोन-तीन छिद्रे ओळीने असतात. चकती किंचित उघडू लागली की ती एकेक करून प्रवाहात येतात आणि संथ गतीकडून वेगाकडे जाताना मिश्रणात खंड पडू देत नाहीत. थोडक्यात, एकाच ओतीव तुकड्यात दोन कार्बोरेटर नांदत असतात. इंजिन अगदी संथ असताना मरत असेल तर पहिल्या छिद्रावर संशय घ्यावा, आणि संथ गतीत टिकून थ्रॉटल जरासा देताच अडखळत असेल तर कडेच्या छिद्रांवर.

ही छिद्रे मिलिमीटरच्या अंशाएवढीच असतात, त्यामुळे त्यांना बुजवायला कचराही लागत नाही, नुसते शिळे पेट्रोल पुरते. पेट्रोलचे हलके घटक उडून गेले की उरलेला भाग हळूहळू चिकट, पिवळसर रोगणासारख्या थरात बदलतो. अमेरिकेत हे हिवाळ्यात घडते. कोकणात त्याचा हंगाम पावसाळा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि खवळलेल्या समुद्रामुळे लहान होड्याही ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा इंजिन वाटीत पेट्रोल तसेच ठेवून गोणपाटाखाली पडून राहते, आणि नारळी पौर्णिमेनंतर ते स्लोला बंद पडू लागले तर त्यात आश्चर्य काही नाही. हंगाम संपताना पेट्रोलची नळी काढून वाटी आटेपर्यंत इंजिन चालवले आणि तळाचा स्क्रू काढून उरलेसुरले ओतून टाकले, तर हा त्रास बहुतांशी टळतो. पण हे काम उद्यावर ढकलण्यात मनुष्यस्वभाव सर्व किनाऱ्यांवर सारखाच आहे.

यात इथेनॉलची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत नेले गेले आहे, तर बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांनी घातलेली मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि पाणी मर्यादेपलीकडे साचले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळलेले असल्याने हा तळाचा थर इंजिनात गेला तर ते वंगणाविना चालते, हे नुसत्या बंद पडण्याहून गंभीर आहे. जुन्या रबरी नळ्यांचे अस्तरही इथेनॉलने फुगून सुटते व त्याचे कण थेट कार्बोरेटरकडे येतात. केरळमध्ये रूढ असलेल्या रॉकेलवरच्या इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी आहे : रॉकेल थंडपणी नीट उडत नाही, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात आणि थांबवण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणतात, ही शेवटची पायरी गाळली की पुढच्या वेळी वाटीत रॉकेल असते आणि गार इंजिन सुरू होण्यास व स्लोला टिकण्यास नकार देते.

कार्बोरेटर साफ करणे हे सोपे काम समजले जाते आणि म्हणूनच ते अर्धवट होते. वाटी उघडून, तळ पुसून, मुख्य जेटमधून उजेड दिसतो एवढे पाहून तो परत बसवला जातो, आणि दोष तसाच राहिला म्हणून मग कॉइल, प्लग, प्रसंगी सगळे इंजिनच बदनाम होते. वस्तुतः संथ गतीचा बोगदा धातूच्या आत आडवातिडवा खणलेला असून त्याची टोके कारखान्यातच लहान चकत्यांनी बंद केलेली असतात. काही नमुन्यांत तर ती चकती काढल्याशिवाय कडेची छिद्रे दिसतही नाहीत. रबरी व प्लॅस्टिकचे भाग काढून, कार्बोरेटर साफ करण्याचा द्रव प्रत्येक छिद्रातून फवारायचा आणि तो पलीकडच्या नेमक्या छिद्रातून धारेने बाहेर येतो की नाही हे पाहायचे, मग दाबाची हवा मारायची, हाच खात्रीचा मार्ग आहे. जेटमध्ये पोलादी तार घालण्याचा मोह टाळावा, कारण पितळ मऊ असते, छिद्र केसभर वाढले तरी मोजमाप बिघडते, आणि मग इंजिन स्लोला उपाशी मरण्याऐवजी अतिभोजनाने मरू लागते.

साफसफाईनंतर येतो मिश्रणाचा स्क्रू. स्लोचा वेग ठरवणारा स्क्रू वेगळा, तो थ्रॉटलची चकती टेकवून ठेवतो. मिश्रणाचा स्क्रू पेट्रोल आणि हवेचे प्रमाण ठरवतो. तो इंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा पेट्रोलवर चालतो व आत फिरवला की मिश्रण पातळ होते. हवा शिरते त्या तोंडाकडे असेल तर तो हवेवर चालतो आणि आत फिरवला की मिश्रण घट्ट होते. हा फरक न ओळखता फिरवाफिरव केल्याने जितकी इंजिने बिघडली आहेत तितकी मीठ-पाण्यानेही बिघडली नसतील. पेट्रोलवर चालणारा स्क्रू प्रथम हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा, जोर केल्यास त्याच्या टोकाला चर पडतो, आणि मग सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा. नेमका आकडा त्या त्या नमुन्याच्या पुस्तिकेत असतो. पुढची जुळवणी इंजिन तापलेले असताना, होडी पाण्यात धक्क्याला पक्की बांधून, पुढच्या गिअरमध्येच करायची असते. बादलीत किंवा न्यूट्रलमध्ये केलेली जुळवणी पंख्यावर भार येताच खोटी ठरते. स्क्रू अष्टमांश फेरा आत घेऊन थोडे थांबावे, कारण टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्याच्या खोलीत, जाते आणि मगच सिलिंडरमध्ये चढते, त्यामुळे बदलाचा परिणाम उशिरा कळतो. मिश्रण फार पातळ झाले की कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकेसारखा कोरडा फटका ऐकू येतो. तेथून पाव फेरा मागे यावे आणि थ्रॉटल झटकन देऊन इंजिन न अडखळता उचलते का ते पाहावे. जुन्या टू-स्ट्रोकचा स्लो रेशमासारखा कधीच नसतो, कारण कमी वेगात जळलेला वायू पुरता बाहेर जात नाही आणि काही फेऱ्यांत ठिणगी पडूनही ज्वलन हुकते; थोडी थरथर हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे, दोष नव्हे.

इतके करूनही दोष टिकला तर संशय इतरत्र न्यावा लागतो. मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन काही जुमानत नसेल, तर बहुधा कोठून तरी चोरटी हवा शिरत असते : कार्बोरेटरखालचे गॅस्केट, क्रँकशाफ्टचे सील, किंवा रीड व्हॉल्व्ह. रीड म्हणजे हार्मोनियमच्या सुरपट्टीसारखी पातळ पोलादी पट्टी, जी मिश्रण क्रँककेसमध्ये येऊ देते आणि परत जाऊ देत नाही. तिचा तुकडा उडाला असेल तर कार्बोरेटरच्या तोंडासमोर धरलेला कागद पेट्रोलच्या शिंतोड्यांनी भिजतो. वेगात या गळतीला वेळच मिळत नाही, म्हणून ती स्लोलाच उघडी पडते. याच्या उलट लक्षण इंधन पंपाचे. हा पंप क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांवर हलणाऱ्या पडद्याने चालतो. पडद्याला भोक पडले की कच्चे पेट्रोल थेट इंजिनात शिरते, प्लग काळे व ओले होतात आणि इंजिन गुदमरून थांबते. पेट्रोलच्या नळीवरील रबरी फुगा दाबत राहिल्यास इंजिन सुधारते की अधिकच बिघडते, एवढ्या साध्या खुणेवरून इंजिन उपाशी आहे की बुडाले आहे हे कळते.

दोन सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक फसवा प्रकार घडतो. एक सिलिंडर स्लोला मुळीच पेटत नसतो, दुसरा कसाबसा दोघांचे ओझे ओढतो, आणि वेग वाढला की पहिलाही जागा होतो. मॅग्नेटो, म्हणजे फ्लायव्हीलमधील चुंबकांच्या फिरण्यातून ठिणगीची वीज निर्माण करणारी योजना, कमी फेऱ्यांत कमी दाबाची वीज देते. कॉइलला तडा गेला असेल, जुन्या नमुन्यांतील पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कावर, खाऱ्या हवेने हिरवट थर बसला असेल किंवा कंडेन्सर थकला असेल, तर ठिणगी नेमकी येथेच हरते. एकेका सिलिंडरची ठिणगी आळीपाळीने इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडून बंद केली, तर ज्याच्या बंद होण्याने इंजिनाला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच झोपलेला असतो. तार नुसती उपटून लोंबत ठेवू नये, इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाची यंत्रणा त्याने जळू शकते. मॅग्नेटोची ठिणगी मोकळ्या हवेत सुमारे सहा मिलिमीटरचे अंतर ओलांडते का, आणि दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत मिश्रण दाबले जाण्याचा जोर, एकमेकांशी साधारण दहा टक्क्यांच्या आत जुळते का, हे पाहणे वास्तविक कार्बोरेटर उघडण्यापूर्वीचे काम आहे. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाचा स्क्रू जुळवण्यात अर्थ नसतो. थंड करणाऱ्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याने इंजिन गार राहून स्लोला मरणे हा प्रकार अमेरिकेच्या आणि उत्तर युरोपच्या थंड तळ्यांत नेहमीचा, कोमट अरबी समुद्रात विरळ.

न्यूट्रलमध्ये टिकणारे पण गिअर टाकताच थांबणारे इंजिन हा पोटप्रकार वेगळा धरावा. तेथे आधी पंखा हाताने फिरवून पाहावा, कारण जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळून बसलेला असणे ही किनाऱ्यावरील रोजची बाब आहे, आणि तोच दोरा सील कापून गिअरच्या तेलात पाणीही सोडतो.

या साऱ्या तपासाला बगल देणारा एक उपाय सर्वत्र लोकप्रिय आहे : स्लोचा स्क्रू पिळून फेरे वाढवून ठेवणे. इंजिन बंद पडणे त्याने थांबते हे खरे, पण दोष खालच्या पेटीत सरकतो. आउटबोर्डमध्ये मोटारगाडीसारखा घसरत जुळणारा क्लच नसतो. पुढचे व मागचे अशी दोन चाके सतत फिरत असतात आणि मधला दातेरी तुकडा सरकून त्यांपैकी एकात सरळ अडकतो. फेरे ठरल्याप्रमाणे कमी असतील तर तो एका ठोक्यात बसतो, ते वाढवलेले असतील तर प्रत्येक वेळी दात दातावर आपटून खडखडतात, त्यांच्या काटकोनी कडा गोल होतात, आणि काही हंगामांनी भार येताच गिअर आपोआप सुटू लागतो. मग मोटर उतरवून, खालची पेटी खोलून, तो तुकडा आणि त्याच्या जोडीची चाके एकत्रच बदलावी लागतात.