जुन्या गाडीचा पेट्रोल पाईप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ती किंवा तिच्या काळातली एखादी गाडी आज हौसेने उभी करणारे लोक इंजिनावर, रंगावर, मूळ मोनोग्रामवर भरपूर खर्च करतात. टाकीच्या कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारा वीतभर पाईप मात्र दुकानात पहिला हाती येईल तोच लागतो. गाडीला आग लावू शकणारा हा भाग आहे, म्हणून त्याबद्दलचे समज तपासून घेतलेच पाहिजेत.

गैरसमज : भोक जुळलं की कोणतीही नळी चालते.
गवंड्याची लेव्हलची नळी, माशांच्या टाकीची नळी, अगदी सलाईनची नळीसुद्धा गाड्यांना लावलेली दिसते. या नळ्या बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात प्लॅस्टिसायझर घालून ते मऊ केलेलं असतं. पेट्रोल हा प्लॅस्टिसायझर हळूहळू काढून नेतं. मग नळी पिवळी पडते, ताठ होते आणि नेमकी क्लिपपाशी चिरते. तिथून ठिबकणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने बंद पार्किंगमध्ये जमिनीलगत साचून राहते.

गैरसमज : जाड, स्टीलची जाळी असलेला पाईप सर्वांत सुरक्षित.
कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने उतरतं. फूटभर उंचीवरून उतरणाऱ्या पेट्रोलचा दाब जेमतेम ०.०२ बार भरतो; फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो ३ बारच्या घरात असतो. म्हणजे जुन्या गाडीत पाईप दाबाने फुटण्याचा प्रश्नच नाही. तो आतून कुजतो किंवा बाहेरून तडकतो, आणि जाळी ते तडे फक्त झाकून ठेवते. पाईपची किंमत ठरते ती पेट्रोलला टेकणाऱ्या आतल्या थरावर.

रंगीत सिलिकॉन पाईपचंही तेच. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसतं, पण साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याच्या भिंतीतून वाफ झिरपत राहते. कूलंटसाठी ते घ्या, पेट्रोलसाठी नको.

गैरसमज : इथेनॉलने काही होत नाही. किंवा, इथेनॉलने सगळं विरघळतं.
दोन्ही टोकं चुकीची आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे आपल्याकडचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं. पण तेव्हाचं प्रमाण ५ टक्के होतं; आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. पाईप एका रात्रीत वितळत नाही. हलकं रबर मात्र फुगतं, मऊ पडतं, आतून त्याचे कण सुटतात आणि जेटमध्ये अडकतात. गाडी अडखळू लागते, आपण कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा साफ करतो, आणि दोष असतो पाईपचा.

मग घ्यायचा कोणता? पाईपवर छापलेली ओळ वाचा. ‘एसएई जे३० आर७’ हा कमी दाबाचा, कार्ब्युरेटरसाठीचा पाईप. आत बहुधा नायट्राइल रबर असतं. ‘आर९’ इंजेक्शनसाठी बनतो. त्याचा दाब आपल्याला नको असतो, पण आतला फ्लोरोरबराचा थर इथेनॉलला जास्त टिकतो. माझं मत स्पष्ट आहे : वळणात दुमडत नसेल तर आर९ लावा, नाहीतर चांगल्या कंपनीचा, इथेनॉलला चालेल असं लिहिलेला आर७.

गैरसमज : पाईप सैल असला तरी क्लिप आवळली की गळत नाही.
मोठ्या भोकाचा पाईप आवळला की त्याला चुणी पडते आणि चुणीतून पेट्रोल येतं. कॉकचं तोंड व्हर्निअरने मोजा. पाईपचं आतलं माप तेवढंच किंवा किंचित कमी हवं. खाचा असलेला स्क्रूचा पट्टा रबर कापतो, त्यापेक्षा तारेची स्प्रिंग क्लिप बरी. पाईप इंजिनाच्या पंखांना टेकू देऊ नका आणि मध्ये झोळही पडू देऊ नका.

बाहेरून काळाभोर दिसणारा पाईपही आतून संपलेला असू शकतो. काढलेला जुना पाईप उभा चिरून पाहा, म्हणजे खात्री पटेल. नवा बसवल्यावर कॉक उघडून दहा मिनिटं थांबा, दोन्ही टोकांवरून कोरडं बोट फिरवा, मगच किक मारा. आणि ज्या पाईपवर काहीच छापलेलं नाही, तो दुकानदाराने कितीही भरवसा दिला तरी घेऊ नका.