इशापूरच्या रायफलीचा शनिवार

सकाळी साडेसहा. भिंतीत पक्कं बसवलेलं पोलादी कपाट उघडतो. इथे इंग्लंडमध्ये हाती असलेली अशी चालू काडतुसी रायफल परवान्यावर क्रमांकानिशी नोंदवावी लागते. आजची पाळी बंगालमधल्या इशापूरला बनलेल्या १९४२च्या ली-एनफील्डची, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मुठीखाली मुकुट, 'जी. आर. आय.' ही राजाची आद्याक्षरं आणि साल. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे, आणि मला चकाकीपेक्षा त्याचं मोल जास्त. कारखान्यात बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसवत. दुसरीचा चढवला तर काडतुसामागची फट बदलते आणि काडतूस फाटू शकतं.

सात. नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढतो. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी भलतीकडे जाते.

नऊ ते बारा, बिस्लीचं नेमबाजीचं मैदान. १८९०मध्ये ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा विम्बल्डनहून इथे आल्या. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसतात, पण प्रत्येकाच्या बुडाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे हवी, नाहीतर बोल्ट अडलाच. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ गोळ्या मारण्याचा सराव होता. बोल्ट एकदा ओढून पाहिला की ते खरं वाटतं.

दोन. घरी येताच नळीत उकळतं पाणी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत मागे राहतात, ओल धरतात आणि गंज चढवतात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तापलेली नळी आपोआप सुकते. मग पुल-थ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी नळीतून ओढायची, मग तेल.

चार ते सात लाकूडकाम. दिवसातलं खरं काम हेच. दस्ता ढिला वाटला की लोक मागून लांब पेचकस घालून फिरवतात. दस्ता धरून ठेवणाऱ्या आतल्या बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. ते फिरलं की लाकूड चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्त्याला हात. अशा चिरलेल्या रायफली विक्रीला दिसल्या की जीव तुटतो. त्याहून वाईट म्हणजे घासून, व्हार्निश लावून 'नवी' केलेली रायफल. कारखान्याचे, तपासनिसांचे, दुरुस्तीचे शिक्के त्यात कायमचे जातात. मी फक्त कच्चं जवसाचं तेल तळहातानं, थोडं थोडं मुरवतो.

आठ. वहीत किती गोळ्या, कुठला साठा, कुठला स्क्रू सैल, एवढी नोंद आणि कपाटाला कुलूप.

१९४१मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरांत लढलेल्या मराठा पलटणींच्या हाती ली-एनफील्डच होत्या. अशी एखादी रायफल कायदेशीरपणे तुमच्याकडे आली, तर सँडपेपर उचलण्याआधी ती कुणा जाणत्या आर्मररला, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला, दाखवा.