पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालय पाहून यावे

बैलजोडी विकत घेताना शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. सोयरीक जुळविण्यापूर्वी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकमेकांचे घर पाहून येतात. परंतु जेथे मुलामुलींच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे जावयाची आणि कापसाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खर्ची पडावयाचा, ते महाविद्यालय अनेक कुटुंबे प्रवेशाच्या दिवशीच प्रथम पाहतात. तोपर्यंत जाहिरात, ओळखीच्या माणसाचा सल्ला किंवा संगणक केंद्रावर अर्ज भरून देणाऱ्याचे मत यांवरच निवड झालेली असते. यवतमाळ जिल्ह्यातील पालकांनी ही रीत बदलणे त्यांच्या हिताचे आहे.

निवडीला वाव

पूर्वी निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय, म्हणजेच पुढचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली सुरू झाले. पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक यांना उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. आज चित्र निराळे आहे. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. यवतमाळ येथे १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९६ साली जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये तर तालुक्यांच्या गावी पोहोचली आहेत. शिवाय उमरखेडच्या विद्यार्थ्याला नांदेड जवळचे, वणीच्या विद्यार्थ्याला चंद्रपूर जवळचे. जेथे पर्याय अनेक, तेथे पारख आवश्यक ठरते.

पहिल्या पसंतीचे महत्त्व

अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मुख्यतः राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. विद्यार्थ्याने महाविद्यालये व शाखा पसंतीच्या क्रमाने भरावयाच्या असतात आणि गुणवत्ता, आरक्षण व उपलब्ध जागा यांनुसार वाटप होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती पक्की धरली जाते; पुढील फेऱ्यांत दुसरी जागा मागता येत नाही. म्हणून न पाहिलेले नाव पहिल्या क्रमांकावर लिहिणे जोखमीचे होय. पसंतीक्रम भरण्यास दिवसही थोडेच मिळतात आणि तो हंगाम खरिपाच्या कामांचा असतो. त्या धांदलीत प्रवासाला सवड कोणाला मिळणार?

केव्हा जावे

बारावीची परीक्षा आटोपल्यानंतरचे दिवस यासाठी सोयीचे आहेत. कापसाची वेचणी संपलेली असते, शेतात कामाची घाई नसते आणि महाविद्यालयांत उन्हाळी सुटी लागलेली नसते. सामाईक परीक्षेची तयारी सांभाळून एक दिवस सहज काढता येतो. रविवारी किंवा सणाच्या दिवशी जाऊ नये. रिकाम्या इमारतीवरून शिक्षणाची कल्पना येत नाही. मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना अर्धेच तिकीट पडते, तेव्हा खर्चाच्या कारणाने आईला घरी ठेवण्याचे कारण नाही. प्रवेश घ्यावयाचा आहे त्या मुलाला किंवा मुलीला तर बरोबर नेलेच पाहिजे.

कोणी काय पाहावे

कुटुंबाने कामे वाटून घ्यावीत. विद्यार्थ्याने वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहाव्यात. यंत्रे किती आहेत एवढेच विचारून थांबू नये. ती चालू आहेत काय आणि आठवड्यातून किती वेळा हाताळावयास मिळतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. आपल्या तालुक्यातील कोणी तेथे शिकत असल्यास त्याची अवश्य भेट घ्यावी. वसतिगृह आईने पाहावे. पाणी किती वेळ येते, स्वच्छतागृहे कशी आहेत, मुलींच्या वसतिगृहात रात्री अधीक्षिका राहते काय, खानावळीत स्वयंपाक कसा होतो, हे पारखण्यासाठी अक्षरओळखीचीही गरज नाही. घर चालविण्याचा अनुभव पुरेसा आहे. महाराष्ट्रात रॅगिंगला १९९९ च्या अधिनियमाने बंदी आहे. संस्थेतील रॅगिंग प्रतिबंधक समितीकडे तक्रार कशी करावयाची, हेही विचारून घ्यावे.

हिशेब लेखी घ्यावा

वडिलांनी कार्यालयात बसून पूर्ण वर्षाचा खर्च लिहून घ्यावा. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह, भोजन आणि अनामत रक्कम यांची वेगवेगळी नोंद असावी. २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागेस ती लागू नाही. तसेच तिच्यात राहण्याचा व जेवणाचा खर्च येत नाही. ‘शिक्षण मोफत’ एवढे ऐकून निघालेल्या कुटुंबाला नेमका हाच खर्च नंतर जड जातो. निर्वाहासाठी स्वाधार, स्वयम् आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजना आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांना पांढरकवडा व पुसद येथील प्रकल्प कार्यालयांत त्याबाबत चौकशी करता येईल. देणगीच्या नावाने कोणी रक्कम मागितल्यास ती देऊ नये. कॅपिटेशन शुल्कास राज्यात १९८७ च्या अधिनियमाने मनाई आहे. जी रक्कम भरावयाची तिची पावती घ्यावी.

अखेरचा शब्द विद्यार्थ्याचा

दोन-तीन महाविद्यालये पाहून झाल्यावर घरी सर्वांनी एकत्र बसावे. अंतर, खर्च आणि सोयी यांचा विचार वडीलधाऱ्यांनी मांडावा. शाखा कोणती घ्यावयाची, याबाबत मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे प्रमाण मानावे, कारण अभ्यास त्यांनाच करावयाचा आहे. मुलीने जवळच राहावे म्हणून तिची शाखा बदलण्यापूर्वी दूरच्या गावचे वसतिगृह एकदा डोळ्यांनी पाहून यावे. पुष्कळदा भीती अंतराची नसते, अपरिचयाची असते. आणि ती एका दिवसाच्या प्रवासाने दूर होऊ शकते. पसंतीक्रमाचा कागद त्यानंतर घरीच लिहून काढावा आणि तोच घेऊन संगणक केंद्रावर जावे.