दारावरचा डोळा

दाराला कॅमेरा लावला की घर सुरक्षित झाले, असे आपला नवा मध्यमवर्ग मानतो. पण कॅमेऱ्याने टिपलेले चित्र घरात राहतेच असे नाही. बहुधा ते कंपनीच्या संगणकांत जाते. तेथे ते कोण पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील 'रिंग' कंपनी घ्या. २०१७ मध्ये तिच्या एका नोकराने ग्राहक स्त्रियांच्या न्हाणीघरांतली, शयनगृहांतली हजारो चित्रणे महिनोन्महिने पाहिली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला. ५८ लाख डॉलर्स देऊन कंपनीने तो मिटवला. या नोकराला कुलूप फोडावे लागले नव्हते. किल्ली कंपनीनेच हाती दिलेली होती.

घरमालक निदान करारावर 'मान्य' म्हणतो (न वाचता, हे वेगळे!). दारासमोरून जाणारा टपालवाला, मोलकरीण, काळा तरुण यांना कोण विचारतो? त्यांचे चेहरे मात्र साठतात, आणि मालकाच्या शेजाऱ्यांत 'संशयित' म्हणून फिरूही शकतात.

२०१८ मध्ये 'रिंग' ॲमेझॉनने विकत घेतली. २०२२ च्या जुलैत ॲमेझॉनने सिनेटर एड मार्की यांना लेखी कळवले, की त्या वर्षी ११ वेळा मालकाच्या संमतीवाचून चित्रणे पोलिसांना दिली. प्रसंग तातडीचे होते म्हणे. तातडी ठरवली कोणी? कंपनीनेच.