ताण आणि तारण

ज्येष्ठातल्या एका सकाळी तिवशाहून मी कौंडण्यपूरला पायी निघालो. वर्धाकाठचे हे गाव म्हणजे रुक्मिणीचे माहेर. तिची पालखी १५९४ पासून इथून पंढरपूरला जाते, अशी परंपरा. वाटेत संत्र्याच्या बागा कोमेजून उभ्या होत्या. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. त्याला ‘ताण’ म्हणतात. पाऊस वेळेवर आला की झाड फुलते. लांबला तर बहार हुकतो. बँकेत असताना अशा बागांना मी कर्जे दिली. कागदावर तारण जमिनीचे, खरे मात्र पावसाचेच!

“पालखीसोबत जाणार का?” एका बागाईतदाराला विचारले.

“पानी येऊ द्या ना साहेब, मंग पाहू.”

विठोबाच्या आधी त्याला मृगाची वाट पाहायची होती.