आपली सूची आपणच करणारा संगणक

जाडजूड पुस्तकात ‘गंधक’ हा शब्द कोठे आला आहे, हे शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. शेवटची सूची पाहतो आणि नेमके पान उघडतो. संगणकातील माहितीलाही अशीच सूची लागते. तिला ‘इंडेक्स’ म्हणतात.

माहिती तक्त्यांच्या रूपात साठवावी, ही कल्पना आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यांच्या संग्रहाला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. समजा, एका तक्त्यात १० लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत आणि आपल्याला एकच परीक्षा क्रमांक हवा आहे. सूची नसेल, तर संगणकाला एकेक नोंद तपासत जावे लागेल. बायर आणि मॅक्रेट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बी-ट्री’ ही सूची मात्र वृक्षासारखी असते. प्रत्येक फांदीला १०० फांद्या फुटल्या, तर १०० × १०० × १०० म्हणजे १० लाख. केवळ तीन पायऱ्यांत नोंद हाती येते!

मग प्रत्येक रकान्याची सूची का करू नये? पूर्वी ग्रंथालयात नवे पुस्तक आले, की लेखक, शीर्षक आणि विषय अशी तीन कार्डे लिहावी लागत. तसेच येथेही आहे. जितक्या सूची जास्त, तितके नव्या नोंदीचे काम वाढते आणि जागाही अधिक लागते. म्हणून कोणती सूची ठेवावी, हे तज्ज्ञ मंडळी विचारपूर्वक ठरवीत.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरजित चौधुरी आणि विवेक नरसय्या यांनी हे काम संगणकाकडे सोपविण्याची एक पद्धत मांडली. लोक कोणते प्रश्न विचारतात ते पाहायचे आणि ‘अमुक सूची असती, तर किती श्रम वाचले असते?’ याचा अंदाज ती न बनवताच करायचा. पण हा केवळ सल्ला होता.

२०१९ मध्ये ओरॅकलच्या १९-सी या आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले. त्यातील स्वयंचलित यंत्रणा दर १५ मिनिटांनी आलेले प्रश्न तपासते, नवी सूची आधी गुपचूप बनवते आणि तेच प्रश्न तिच्यावर चालवून पाहते. फायदा झाला, तरच ती सूची वापरात येते. पुढे ३७३ दिवस ती कोणी वापरली नाही, तर काढून टाकली जाते. हा काळ वर्षाहून थोडा अधिक असल्याने वर्षातून एकदाच लागणारी सूचीही वाचते.

तरीही एक मर्यादा उरतेच. यंत्रणा शिकते ती विचारून झालेल्या प्रश्नांवरून. उद्या अगदी नवा प्रश्न आला, तर पहिल्यांदा तरी संगणकाला सगळा तक्ता चाळावा लागण्याची शक्यता असते. म्हणून उद्या काय विचारले जाईल, हे ओळखणाऱ्या जाणकार माणसाचे काम अजून संपलेले नाही.